तोंडं तुझी, कपडे माझे

मास्तरांना इंग्रजीचं ओ की ठो कळत नव्हतं, पण सलग बत्तीस वर्षं त्यांनी रविवारचा इंग्रजी सिनेमा चुकवला नाही. अंगात ताप असला तरी जायचे, पाय मुरगळला तरी लंगडत जायचे. आपली लेक शनिवारी जन्मली हे तिचं नशीब, असं त्यांची बायको चारचौघांत सांगायची. रविवारी जन्मली असती तर बापाने तिला मध्यंतरानंतर पाहिलं असतं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. बायकांचे कपडे शिवायचे म्हणून गिऱ्हाइकं त्यांना मास्तर म्हणायची, आणि त्यामुळे बायको आपोआप मास्तरीणबाई झाली. खरं तर दोघांत शिकलेल्या बाईच. दहावीपर्यंतचं इंग्रजी झालेलं, त्यामुळे पडद्यावरचं निम्मं त्यांना कानाने कळायचं आणि उरलेलं त्या तोंडं बघून जुळवायच्या. दुकान खाली, घर वर. मास्तर कापायचे आणि शिवायचे; बाई काज-बटणं, हातशिलाई आणि इस्त्री बघायच्या, आणि एखादं गिऱ्हाईक दुखावलं गेलं तर त्याची समजूतही घालायच्या. ते वरचेवर दुखावलं जायचं, कारण मास्तरांच्या जिभेला हाड नव्हतं.

दोन गल्ल्या ओलांडल्या की थिएटर. आठवडाभर तिथे चालू सिनेमे लागत, पण रविवारी सकाळी अकराच्या खेळाला मालक हॉलिवूडचे जुने काळेपांढरे सिनेमे लावायचा. त्याला नाद होता, आणि नादापुढे कोण काय बोलणार? सगळ्या थिएटरात मिळून दहा-बारा डोकी असायची, त्यातली दोन ही. मास्तर कडेची खुर्ची धरायचे; मांडीवर वही, हातात शिसपेन्सिल. अंधारात वहीकडे न बघता चित्र काढायची त्यांनी सवय करून घेतली होती. नायिका दारातून आत आली की यांची नजर थेट खांद्यावर, तिथून कमरेवर, तिथून घेरावर. ती रडते आहे की हसते आहे याच्याशी यांना काही देणंघेणं नव्हतं. ती वळली तर उत्तम, पाठीचे टक्स, म्हणजे कापडाला घातलेले चिमटे, दिसायचे.

बाई तोंडं बघायच्या. घरी परतताना त्या गोष्ट सांगायच्या, कोण कोणावर का रुसलं आणि शेवटी कोणाचं कोणाशी जमलं, आणि मास्तर कपडे सांगायचे. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी ही वाटणी होऊन गेली होती. ‘तोंडं तुझी, कपडे माझे,’ मास्तर म्हणाले होते. वाटणीवरून सख्ख्या भावांत डोकी फुटतात, पण या वाटणीवरून या घरात कधी भांडण झालं नाही.

नटनट्यांची खरी नावं बाईंच्या तोंडी बसत नसत, म्हणून त्यांनी आपली ठेवून घेतली होती. एक लांबनाक्या, एक घोगरी, एक उसासेबाई. एक जावई, कारण कुठल्याही घरात शिरला की हा आता आयतं बसून खाणार, असं त्याच्या तोंडावरच लिहिलेलं. चेष्टा करायच्या, पण त्यांचा जीव होता या माणसांवर. त्यांचं म्हणणं असं, की बोलता सगळ्यांनाच येतं, या लोकांना ऐकता येतं. समोरचा बोलत असतो, लांबनाक्या नुसता ऐकतो, आणि आपल्याला कळतं की याच्या काळजाला घरं पडली. कॅमेरा इतका जवळ येतो की पापणीचे केस मोजावेत, आणि घोगरी काहीच करत नाही. काही न करता सगळं दाखवायचं, हे काय सोपं आहे? पावसात भिजूनही यांचे केस विस्कटत नाहीत, झोपेतून उठल्या तरी ओठ रंगवलेले, हे त्या मोकळ्या मनाने कबूल करायच्या. पण या माणसांच्या डोळ्यांत उजेडाचा जो एक ठिपका असायचा त्याच्या त्या वेड्या होत्या. तो विझला की माणूस आतून हरला, हे त्यांनी स्वतःच शोधून काढलं होतं.

मास्तरांचं वेडही काही कमी नव्हतं. काळ्यापांढऱ्यात रंग दिसत नाही, पण उजेड कापडावरून कसा घसरतो त्यावरून हे साटीन, हे क्रेप, ही मखमल, असं ते छातीठोकपणे सांगायचे. उसासेबाईचा डावा खांदा उजव्यापेक्षा पाव इंच खाली आहे आणि तिकडच्या टेलरने तो आतून गादी भरून लपवलाय, हे त्यांनी तिसऱ्या सिनेमात ओळखलं. काय हात आहे त्याचा, ते म्हणायचे, तिच्या नवऱ्यालासुद्धा माहीत नसेल. मात्र त्याच उसासेबाईने शाल पांघरली की ही कोण नवी बाई, असं ते बायकोला विचारायचे, आणि बाई तोंडाला रुमाल लावून हसायच्या.

सगळ्यांत बाईंचा जीव एका सिनेमावर होता. मालकाने तो पाच वेळा लावला, आणि पाचही वेळा दोघांनी पाहिला. गोष्ट एवढीशी. एका कचेरीत घोगरी टायपिस्ट असते आणि लांबनाक्या साहेब. तिचं त्याच्यावर प्रेम आहे, हे त्याला सोडून सगळ्या कचेरीला ठाऊक. शेवटी एक दिवस तो तिला समोर बसवतो आणि भलत्याच एका बाईला लग्नाची मागणी घालणारं पत्र तोंडी सांगू लागतो. ती टाइप करते. मध्येच एका शब्दाशी थांबते, हा बरा वाटत नाही म्हणते, आणि त्याला त्याहून चांगला शब्द सुचवते. मग कागद काढून त्याच्या हातात देते. संपला सिनेमा. त्या एका थांबण्यापायी बाई पाच वेळा रडल्या होत्या. मास्तरांना त्यातलं आठवायचं ते करड्या लोकरीचं जाकीट, पुढे तीन बटणं, त्याच कापडाने मढवलेली. तसं जाकीट त्यांनी पुढे निदान शंभर बायकांना शिवून दिलं.

पुढे थिएटरचा मालक वारला आणि त्याच्या मुलांनी रविवारचे खेळ बंद केले. लेक तोवर लग्न होऊन दुसऱ्या शहरात नोकरीला लागली होती. घरात दोघंच उरली. रविवारी सवयीने साडेदहालाच आवरून बसायची, आणि आवरलं खरं, पण आता करायचं काय, ते दोघांनाही सुचायचं नाही.

मग एका मंगळवारी सकाळी बाई इस्त्रीच्या टेबलाशी कोसळल्या. तपासण्यांत कळलं ते असं, की साखर कधीपासूनची वाढलेली होती आणि तिने गुपचूप सगळं पोखरून ठेवलं होतं. मूत्रपिंडं जवळजवळ गेली होती, डोळ्यांत आतून रक्त उतरलं होतं, आणि हृदय इतकं थकलेलं की मशीनवर रक्त शुद्ध करून घेण्याचा ताण त्याला सोसला नसता. धावत आलेल्या लेकीला आणि मास्तरांना डॉक्टरांनी समोर बसवलं. डॉक्टर तरुण होत्या, आणि शब्द जपून वापरत होत्या. काही आठवडे, फार तर दोन महिने, त्या म्हणाल्या. मग हातातले कागद चाळत त्यांनी विचारलं, ‘दोन वर्षांपूर्वीपेक्षा यांचं वजन सोळा किलोने कमी भरलंय. कपडे सैल झाले नाहीत का यांचे? बहुतेक घरांत तिथूनच लक्षात येतं.’

‘आईचे कपडे नेहमी अगदी मापात असायचे,’ लेक म्हणाली. ‘बाबा टेलर आहेत ना.’ तिच्या आवाजात थोडा अभिमानच होता. मास्तर फरशीकडे बघत राहिले.

कारण कपडे सैल झाले होते. आणि ते दिसले होते मास्तरांनाच. बाई साडी नेसत नसत, मास्तरांनी शिवलेले झगेच घालायच्या. दोन वर्षांपूर्वी एकदा जिना उतरताना त्यांच्या झग्याचा खांदा घसरलेला मास्तरांच्या डोळ्यांना टोचला. त्यांनी तो झगा खुंटीवरून काढला, दोन्ही बाजूंनी पाऊण इंच आत घेतला, टीप मारली, आणि इस्त्री करून परत टांगला. तीन महिन्यांनी पुन्हा. मग सगळेच कपडे. असं आठ वेळा. टेप लावायचीही गरज पडली नाही, नजरेनेच माप कळायचं. एकदा तर कमर बरोबर लग्नातल्या झग्याइतकी भरली, तेव्हा त्यांना मनातल्या मनात बरं वाटलं होतं. काम इतकं चोख की शेजारणीला काही दिसलं नाही, सणासुदीला चार दिवस येऊन जाणाऱ्या लेकीला दिसलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. दुसरा कुठलाही नवरा असता, तर लोंबत्या कपड्यांतली बायको बघून घाबरला असता आणि तिला डॉक्टरकडे घेऊन गेला असता. मास्तर टेलर होते. त्यांनी कपडा दुरुस्त केला.

हे त्यांनी कोणालाच सांगितलं नाही, लेकीलाही नाही. ते मूग गिळून बसले आणि खंगत गेले.

बाईंना घरी आणलं. वरच्या खोलीत खिडकीशी पलंग लावला, पण खिडकीचा त्यांना फारसा उपयोग नव्हता. उजेड आहे की अंधार, एवढंच आता कळायचं. लेक रजा काढून राहिली. एका दुपारी बाई म्हणाल्या, की अहो, मला तो टायपिस्टचा सिनेमा सांगा ना. आयुष्यभर त्यांनी सांगितले होते, आता यांची पाळी. मास्तरांनी खुर्ची ओढली आणि सुरुवात केली. ती पहिल्यांदा येते तेव्हा अंगात पांढरा ब्लाउज, कॉलर टोकदार. मग ते करडं जाकीट. मग मेजवानीत पाठ उघडी असलेला काळा साटीनचा गाऊन, खालचा घेर तिरक्या कापडाचा. बाई पडल्या पडल्या हसल्या. म्हणाल्या, कपडे राहू द्या हो, ती त्या शब्दाशी थांबते ना, तेव्हा तिचं तोंड कसं होतं ते सांगा. मला नीट आठवेनासं झालंय.

 पाच वेळा पाहिलेला सिनेमा. त्या वेळी आपण कॉलरची टोकं बघत होतो, एवढंच मास्तरांना आठवलं. ‘नीट बघून सांगतो,’ ते म्हणाले.

बाई दिवसेंदिवस जास्त झोपू लागल्या होत्या, त्यामुळे हाताशी किती दिवस आहेत ते कोणाला सांगता येत नव्हतं. लेकीने तो सिनेमा शोधून दिला आणि लॅपटॉप दुकानात कापायच्या टेबलावर लावून दिला. पहिल्या दिवशी काही जमेना. मास्तर तोंडाकडे बघायचं ठरवून बसायचे, आणि दोन मिनिटांत नजर घसरून खांद्याच्या शिवणीवर जायची. बत्तीस वर्षांची खोड, ती अशी जाते होय? दुसऱ्या दिवशी त्यांनी कॉलरीत घालायच्या कडक बक्रमचा एक तुकडा कापला आणि तो पडद्यावरच्या माणसाच्या गळ्याशी हाताने धरून बसले, म्हणजे खालचं काही दिसायला नको. माणूस सरकलं की तुकडाही सरकायचा. लेक चहा घेऊन खाली आली, तिने बापाला तसं बसलेलं पाहिलं, आणि कप ठेवून वर गेली.

अशा रीतीने सत्तरी ओलांडलेल्या मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा सिनेमा पाहिला. लांबनाक्या खरंच ऐकत होता. घोगरी कागद मशीनमध्ये घालते, साहेब पत्र सांगू लागतो, आणि हे पत्र कोणाला आहे ते तिला कळतं. तिची बोटं चालूच राहतात, तोंड जागच्या जागी, फक्त डोळ्यांतला उजेडाचा ठिपका विझतो. मग त्या शब्दाशी ती थांबते. डावी भुवई जराशी वर जाते, ओठ किंचित उघडतात, ती तो चांगला शब्द देते, आणि हसते, आधी डोळ्यांनी आणि मागाहून ओठांनी. मास्तरांनी ते तीन दिवस पुन्हापुन्हा पाहिलं आणि गिऱ्हाइकाचं माप घ्यावं तसं वहीत उतरवून काढलं. बाई दर रविवारी हे एवढं सगळं आपल्यासाठी दोन गल्ल्या वाहून आणत होत्या, आणि आपण नुसतं हूं हूं करत चालत होतो, हे त्यांना आता कळलं, आणि फार वाईट वाटलं.

पाचव्या दिवशी दुपारी बाईंना जरा हुशारी होती. लेक औषधं आणायला गेली होती. मास्तर पलंगाशी बसले, आणि बाईंनी चाचपून त्यांचं मनगट धरलं. त्यांनी सांगितलं, ठिपका, भुवई, ओठ, हसणं, एकही टाका न गाळता. बाईंच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. अगदी असंच होतं, त्या म्हणाल्या, अगदी असंच. मास्तरांना वाटलं, आपल्या हातून एक तरी गोष्ट वेळेत झाली.

थोड्या वेळाने बाई म्हणाल्या, ‘एक सांगू? माझे कपडे तुम्ही आत घेत होता ना, ते मला कळत होतं.’

 बाईंच्या आवाजात तक्रार नव्हती, उलट जपून ठेवलेलं काही उघडून दाखवावं तसा तो होता. त्यांना कधीपासून बरं वाटत नव्हतं. सारखी तहान लागायची, जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी यायची, आणि काहीतरी वाईट आहे हे मनाला कळलं होतं. सांगायचा धीर होत नव्हता. अशात एक दिवस खुंटीवरचा झगा अंगात घातला तर तो बरोबर बसला. आदल्या दिवशी सैल होता. त्या समजल्या, की यांना कळलंय. यांनाही आपल्यासारखीच भीती वाटते, म्हणून बोलत नाहीत. मग आपण तरी बोलून यांच्या जिवाला घोर कशाला लावा? दर काही महिन्यांनी झगा पुन्हा मापात यायचा, आणि त्यांना धीर यायचा.

‘मला वाटायचं, आपण दोघं मिळून गप्प बसलोय,’ बाई म्हणाल्या. ‘एकटीनेच भ्यायचं असतं, तर मी कधीच मोडले असते.’

मास्तरांनी त्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. 

‘आता माझं सांगा,’ बाई म्हणाल्या. ‘तेव्हा माझं तोंड कसं दिसायचं हो? काही कळायचं का बघणाऱ्याला? मला वाटायचं, मी चांगलं लपवते.’

मास्तरांनी आठवून पाहिलं. झगे आठवले, एकूण एक, निळा, चौकटीचा, बारीक फुलांचा, कुठल्या खेपेला कुठून किती आत घेतला त्यासकट. गळ्याच्या वर काही नव्हतं. बाई वाट बघत होत्या. मास्तर बोलायला लागले. तुझं तोंड अगदी शांत असायचं, ते म्हणाले, कोणाला कळलं नसतं. फक्त डोळ्यांतला उजेड विझायचा. मग डावी भुवई जराशी वर जायची, ओठ किंचित उघडायचे, आणि तू हसायचीस, आधी डोळ्यांनी, मागाहून...

‘हे तिचं झालं,’ बाई म्हणाल्या.

मास्तर थांबले.

‘हे तर तिचं तोंड आहे. आत्ताच सांगितलंत. माझं सांगा.’

खाली रस्त्यावर कोणीतरी दुकानाचं शटर वाजवलं, मास्तर आहेत का म्हणून विचारलं, आणि उत्तर आलं नाही तसं निघून गेलं.

‘मी बघितलं नाही गं,’ मास्तर म्हणाले. ‘मला काहीच कळलं नव्हतं. कपडा सैल दिसला, मी टीप मारली. तुझ्या तोंडाकडे मी बघितलंच नाही.’

 बाई रागावल्या असत्या तर मास्तरांना सोसलं असतं. चाळीस वर्षांच्या संसारात रागाला काय म्हणायचं ते त्यांना ठाऊक झालं होतं. बाईंनी त्यांच्या मनगटावरचा हात काढून घेतला आणि पांघरुणाखाली ठेवला.

‘म्हणजे ती दोन वर्षं मी एकटीच होते,’ त्या म्हणाल्या.

हे त्या मास्तरांना म्हणत नव्हत्या, स्वतःलाच समजावून सांगत होत्या, आणि तेच मास्तरांना ऐकवेना. मला माफ कर, असं ते दोनदा म्हणाले. बाईंनी त्यावर हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

‘कपड्यांचंच सांगा,’ शेवटी त्या म्हणाल्या. ‘ते तरी तुम्ही बघितलंत.’

मास्तर सांगू लागले. पांढरा ब्लाउज, कॉलर टोकदार. मग करडं जाकीट, तीन बटणं, त्याच कापडाने मढवलेली. मग पाठ उघडी असलेला काळा साटीनचा गाऊन. सांगता सांगता ते पलंगावर वाकले, बायकोचं तोंड एकदा तरी नीट, डोळे भरून बघायला. पण बाईंनी ते भिंतीकडे वळवलं होतं.